चौथं बटण

तार्तू शहरात, एमायोगी नदीकाठच्या छापखान्यात
उर्वे मुद्रितं तपासते. एकतीस वर्षं.
नोव्हेंबर आहे, साडेतीनलाच दिवे लागलेत.
टेबलावर काळ्या पावाचा कडक झालेला तुकडा,
लाल पेन,
आणि कुणा नवख्याची रहस्यकथा.

पान नऊ:
सकाळचे सात वीस. पुलाखाली ईल्मार, पालथा.
करडा कोट, चार बटणं.
काठावर सायकल, अजून ओली.
पलीकडे कुत्रं भुंकलं, दोनदा.

पान एकतीसवर पुन्हा तोच परिच्छेद.
सवयीनं तिनं आडवी रेघ मारली,
समासात लिहिलं: दुबार. जुळणीतली चूक.
पान चोपन्नवर ये रे माझ्या मागल्या,
तेव्हा तिनं चष्मा पुसला
आणि खालून काल्योला बोलावलं.
तो हाताची शाई पुसत म्हणाला,
"चूक नाही गं. त्यातली ती तपासनीस, हेल्वे,
रोज उठते ती त्याच मंगळवारी.
बाकी कुणाला काही आठवत नाही. तिलाच तेवढं."
"मग रोज उठून करते काय?"
"तू करतेस तेच."

मारलेली रेघ पुसता येत नाही.
शब्दांखाली टिंबं द्यायची, म्हणजे: असू दे.
तिनं टिंबं दिली, एकेका शब्दाखाली,
आणि देता देता वाचायला लागली.

दुसऱ्या मंगळवारी हेल्वे वेळेआधी पोचते
तर ईल्मार पुलाखाली नाही, बेकरीमागे मरतो.
पाचव्या मंगळवारी ती त्याला सगळं सांगून टाकते.
तो हसतो. तिला कॉफी पाजतो. मरतो.
बाराव्याला ती जातच नाही,
अंथरुणात पडून सात वीस होऊ देते.
ते पान उर्वेनं दोनदा वाचलं,
एकही चूक न शोधता.

खुनी कोण, हे तिनं केव्हाच ओळखलं होतं.
त्यानं काही सुटत नव्हतं.
कारण रोज सकाळी ईल्मार टोपी काढून विचारतो,
"आपण आधी भेटलोय का?"
आणि रोज हेल्वे म्हणते, "नाही."
त्या "नाही"त व्याकरणाचा दोष नव्हता.
तरी उर्वेनं त्याच्याभोवती शिसपेन्सिलीनं
एक फिकट गोल काढला.
कशासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं.

पान दोनशे तीन:
सकाळचे सात वीस. पुलाखाली ईल्मार, पालथा.
करडा कोट, तीन बटणं.
काठावर सायकल, अजून ओली.
पलीकडे कुत्रं भुंकलं, एकदा.

तीन?
नऊ काढलं, चार. एकतीस, चार. चोपन्न, चार.
गठ्ठ्याच्या तीन फटींत डाव्या हाताची तीन बोटं,
उजव्यात फोन.
लेखक हाप्सालूला राहतो. तो गप्प झाला.
त्याच्या मागे किटली शिट्टी घालत होती,
ती कुणी उतरवत नव्हतं.
"तीन लिहिलंय मी?"
"तीन."
"...राहू दे."
"मुद्दाम आहे का ते?"
"राहू दे, म्हटलं ना."

पुढच्या नव्वद पानांत त्या बटणाचं नाव नाही.
खुनी सापडतो, त्याच्या खिशात निघतात
बेकरीच्या किल्ल्या. बुधवार उजाडतो.
बटण नाहीच.

उर्वेनं "तीन"खाली टिंबं दिली.

कुणीतरी कधीतरी पार्नूच्या बसमध्ये
दोनशे तीनवर थबकेल,
बोट तिथंच ठेवून मागे जाईल, खात्री करायला.
आणि मागे गेलं की ईल्मार जिवंत,
टोपी हातात, तोच प्रश्न,
आणि आता "नाही" म्हणायची पाळी त्याची,
त्या बसमधल्या माणसाची.

तिनं दिवा मालवला. जिन्यात थांबून
अंधारातच कोटाची बटणं लावली,
वरून खाली, घाई न करता.

कुत्र्याचं मात्र
तिच्याही नजरेतून निसटलं.